रफूवालीचा अंगठा

१

रविवारी दुकान बंद असे, पण आई खिडकीपाशी नेहमीसारखीच बसलेली होती. बंद दुकानात काम जास्त होतं, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाईक येऊन डोकं खात नाही. मांडीवर एक राखाडी कोट, त्याच्या कोपराला बटणाएवढं भोक, आणि समोर दादाने त्याच्या चष्म्याच्या दुकानातून आणून दिलेलं मोठं भिंग. चाळीस वर्षं ती रफू करत आली होती. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि त्यांनी भोक असं विणून टाकायचं, की खुद्द मालकालाही ते शोधून सापडू नये.

मागच्या टेबलाशी लेक आईची गोळ्यांची डबी भरत होती. सात दिवसांचे सात खण, प्रत्येकाचे सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग. सकाळी गुलाबी कॅप्सूल आणि रक्तदाबाची पांढरी गोळी, संध्याकाळी पिवळी. गुलाबी चार वर्षांपूर्वी मोठ्या इस्पितळातून सुरू झालेली, पिवळी दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली. दोन्ही छातीतल्या जळजळीसाठी. लेक सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोलून काढायची आणि चांदीची पाकिटं टोपलीत टाकायची. वाचनालयात नव्या पुस्तकांची वेष्टनं ती अशीच काढून टाकत असे, म्हणजे कपाट कसं एकसारखं दिसतं. मग स्वतःची रोजची गुलाबी कॅप्सूल ती पाण्याबरोबर गिळायची. दोन वर्षं तिलाही तोच त्रास होता.

"चिमटी, तुझी घेतलीस?" आईने मान न वळवता विचारलं.

"घेतली."

"आई-लेकीत एकच पोट दिलंय देवाने. काटकसरी आहे मेला." आई हसली. "ये, जरा हा कोट धर. हात दाखव आधी."

चव्वेचाळीस वर्षांच्या ग्रंथपाल बाईंनी निमूटपणे दोन्ही हात पुढे केले. दुकानाचा हा एकच कायदा होता. खरखरीत नख किंवा ओला तळवा गिऱ्हाइकाच्या कापडाला लागता कामा नये. म्हणून लहानपणापासून दोन्ही मुलांनी कापडाला शिवण्याआधी हात दाखवले होते. आईने उलटसुलट करून हात पाहिले आणि मान हलवली.

तेवढ्यात लेकीला ते दिसलं. आईचा उजवा अंगठा उडाला. कुणीतरी आतून टिचकी मारावी तसा, एकदा, थांबून पुन्हा दोनदा. आईने हात पटकन कोटाखाली सरकवला.

"ऊन येतंय डोळ्यांवर. पडदा ओढ जरा."

लेकीने पडदा ओढला. तिच्या जिभेवर एक साधं वाक्य आलं होतं. पण ते म्हटलं की उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकलं की दुकानाबद्दल बोलावं लागलं असतं. ती म्हणाली, "आई, कामात मन नाही तुझं."

"मन म्हातारं झालंय," आई म्हणाली.

संध्याकाळी लेक स्वतःच्या घरी जायला निघाली, तेव्हा आई जिन्यापर्यंत आली. वर दादा-वहिनी राहायचे, दीड वर्षापूर्वी राहायला आलेले. आईने आवाज खाली आणला. "वहिनी आणून देते त्या दुधाला हल्ली कसलीतरी चव लागते गं. तिला बोलू नकोस, वाईट वाटेल तिला."

लेक हसली होती. ते हसणं पुढे कितीतरी दिवस तिच्या कानात राहिलं.

सोमवारी सकाळी अकराला वहिनीचा फोन आला. आई खुर्चीवरून खाली पडली होती, सगळं अंग झटके देत होतं, आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं थांबलं होतं. कागदावर लिहिलं गेलं की हृदय बंद पडलं. लोक म्हणाले, वय झालं होतं. सदुसष्ट हे काय वय झालं?

आठ दिवसांनी राखाडी कोटाचे मालक आपला कोट न्यायला आले, आणि कोट दुकानात नव्हता.

२

लेकीने रजा घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत मुक्काम टाकला होता. गिऱ्हाइकांची कापडं ज्याची त्याला परत द्यायची होती. प्रत्येक गठ्ठ्याला आईच्या हातची चिठ्ठी होती. राखाडी कोटाची चिठ्ठीही खुंटीवर होती. तिच्याखाली कोट तेवढा नव्हता.

कोटवाले गृहस्थ कोर्टात लेखनिक होते, आता निवृत्त. ते कोटासाठी रागावले नाहीत. भिंतीवर लटकणाऱ्या लांबच लांब मलमलीच्या पट्टीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"नमुन्याची पट्टी," लेक म्हणाली. "कुठलंही काम हातात घेण्याआधी आई त्या कापडातला धागा काढून इथे चार ओळी विणून बघायची. धागा किती ओढ सहन करतो ते कळतं. खाली तारीख घालायची."

"माझ्या कोटाचा नमुना असेल मग."

होता. सगळ्यात खाली, राखाडी लोकर. त्यांनी भिंग ओढून बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"बाई, राग मानू नका. तीस वर्षं मी कोर्टात खऱ्याखोट्या सह्यांची कागदपत्रं हाताळली आहेत. हे काम तुमच्या आईचं नाही. आणि असेल, तर हे करताना त्या ठीक नव्हत्या. हे बघा."

लेकीने भिंगातून पाहिलं. ओळ सरळ जात होती, एकदम उडी मारून वर चढत होती, पुन्हा खाली येत होती. अंगठा उडाला की सुई उडते. तो उडालेला अंगठा इथे धाग्याने लिहून ठेवलेला होता.

कोटवाले गेल्यावर तिने पट्टी खाली उतरवली आणि टेबलावर पसरली. पुस्तक शेवटच्या पानापासून मागे वाचावं तशी ती वाचू लागली. उड्या आठवड्यामागून आठवडे मागे जात होत्या. सतरा-अठरा महिन्यांपूर्वी त्या सुरू झाल्या होत्या. त्याआधी सगळ्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या.

दीड वर्ष. म्हणजे दादा-वहिनी वर राहायला आले तेव्हापासून.

हा विचार तिने झटकून टाकला. पण मध्येच, आठ महिन्यांपूर्वीच्या तारखांपाशी, तिचं बोट थांबलं. पहिले दोन नमुने वेडेवाकडे, तिसरा जरा बरा, आणि पुढचे चार पुन्हा जुन्यासारखे, डोळे मिटून दाखवावेत इतके सरळ. त्यानंतर दोनच नमुने ठीक आणि पुन्हा उड्या.

ते तीन आठवडे आई मावशीकडे होती. काम बरोबर घेऊन गेली होती, ही पट्टीसुद्धा. कामाशिवाय ती कुठेच जात नसे.

घराबाहेर गेली की हात बरा. घरात आली की पुन्हा तेच.

मनात शंकेची पाल चुकचुकली आणि लेक तिथेच खुर्चीवर बसून राहिली. वर स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. त्याच क्षणी तिची डावी पापणी उडू लागली. आपोआप, फडफड, फडफड. तिने बोटाने दाबून धरली, तरी बोटाखाली ती उडतच होती.

३

संध्याकाळी वहिनी दुधाचा पेला घेऊन खाली आली. आई गेल्यापासून हा पेला लेकीला मिळत होता.

"पिऊन टाका गरम आहे तोवर. चार घास धड जेवत नाही तुम्ही."

"ठेव तिथे. पिते नंतर."

"आईसुद्धा असंच म्हणायच्या," वहिनी म्हणाली. "नंतर म्हणजे कधीच नाही. मी समोर उभं राहून प्यायला लावायची."

वहिनी जिना चढून गेल्यावर लेकीने पेला नाकाशी नेला. दूध आणि आणखी काहीतरी, पिठासारखं. तिने सगळं मोरीत ओतलं, नळ सोडला आणि पांढरं पाणी जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग दाराला आतून कडी घातली. आपल्याच घरात, आपल्याच भावाच्या जिन्याखाली कडी घालून बसायची वेळ यावी, याची तिला लाज वाटली. पण कडी तिने काढली नाही.

मग तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, गेल्या वर्षी आई तुझ्याकडे होती ना, तेव्हा तब्येत कशी होती तिची?"

"पहिले आठ दिवस काही विचारू नकोस. नुसती तळमळ. छातीत जळजळ, घशाशी आंबट. गोळ्यांची डबी घरीच विसरून आलेली ना तुझी शिस्तीची आई! मी म्हटलं मागवून घेऊ, तर म्हणे कशाला उगाच. मग डोक्याखाली दोन-दोन उशा घालून झोपवायचे तिला. हळूहळू कमी झालं बघ."

"आणि हात?"

"तू जेवलीस का आधी?" मावशी म्हणाली.

"मावशी, हात कसा होता तिचा?"

"आली तेव्हा उडायचा गं. पायाला रात्रीचे गोळे यायचे. जाताना मात्र तिनेच मला सुईत दोरा ओवून दिला. म्हणाली होती, घरी गेलं की हा अंगठा पुन्हा नाचायला लागेल बघ. आणि म्हणाली, चिमटीला बोलू नकोस."

आईलाही कळलं होतं. घरी गेलं की.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा कामावर आणि वहिनी बाजारात गेलेली पाहून ती वर गेली. चोरासारखी, पायऱ्यांच्या कडेकडेने, जिथे त्या करकरत नाहीत. स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यामागे एक पत्र्याचा डबा होता. त्यावर नाव नाही. आत फिकट पांढरी भुकटी. तिने चमचाभर कागदात बांधून घेतली. घाईत अर्धी ओट्यावर सांडली. ओटा पुसायला फडकं शोधत ती शेजारच्या खोलीत आली आणि तिने दादाचं कपाट उघडलं.

खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बोचकं होतं. फाटलेल्या कागदातून राखाडी लोकर डोकावत होती.

पाठीमागे दार वाजलं.

"कपाट बंद कर, चिमटी," दादा म्हणाला.

४

दुपारच्या जेवणाला परतलेल्या दादाच्या मागे वहिनी पिशवी घेऊन उभी होती. ती ओट्यावर सांडलेली भुकटी पाहत होती.

"आधी मला सांग, हा कोट इथे का?" लेकीचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "आणि हे दुधात काय घालत होता तुम्ही? दीड वर्ष? तुम्ही आलात आणि तिचा हात उडायला लागला, नमुन्याच्या पट्टीवर तारखांसकट दिसतंय. मावशीकडे गेली तर बरी झाली. इथे आली आणि पुन्हा सुरू. आणि आता..." तिने पापणीवर बोट ठेवलं. "आता माझी पाळी आहे का?"

वहिनीने पिशवी खाली ठेवली, ओट्यापाशी जाऊन डबा उचलला, दोन मोठे चमचे भुकटी पाण्यात ढवळली आणि उभ्या उभ्या पेला रिकामा केला.

"प्रोटीनची पावडर आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "आई वाळत चालल्या होत्या. डब्यावर मोठ्या अक्षरात 'आजाऱ्यांसाठी' लिहिलं होतं, ते वाचलं असतं तर त्यांनी डबा माझ्या डोक्यात घातला असता. म्हणून साध्या डब्यात काढली." तिचे डोळे भरले, पण आवाज धड होता. "विष घालायचं असतं तर एवढ्या महागाचं कशाला आणलं असतं?"

"वहिनी, मी..."

"थांबा. तुमच्या त्या पट्टीवर तारखा आहेत ना? हिवाळ्यात माझे वडील आजारी होते, मी सहा आठवडे माहेरी होते. त्या सहा आठवड्यांत आईंना दूध कोण देत होतं?"

"कुणीच नाही," दादा म्हणाला. "मला साधा चहा जमत नाही."

लेक खाली धावली आणि पट्टी घेऊन वर आली. हिवाळ्यातले नमुने तिने भिंगाशिवायच पाहिले. भिंगाची गरज नव्हती. अख्ख्या पट्टीत त्यांच्याइतक्या वेड्यावाकड्या ओळी दुसऱ्या नव्हत्या.

दूध नव्हतं, वहिनी नव्हती, आणि हात सगळ्यात वाईट होता.

दादाने तोवर बोचकं सोडलं होतं. कोपराचं भोक अर्धं विणलेलं, आणि त्याच्याशेजारी बोटभर लांबीची एक चीर. सरळ, कात्रीची, चांगल्या कापडाला.

"रविवारी तू गेल्यावर झालं हे," तो म्हणाला. "धागा कापताना अंगठा उडाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने चांगलं कापड कापलं. लहान मुलासारखी रडली. म्हणाली, तुझ्या ओळखीत दुसरा कुणी रफूवाला असेल तर गुपचूप करून आण. चिमटीला कळू देऊ नकोस, ती दुकान बंद करायला लावेल." तो कपाटाला टेकून खाली बसला. "दुसऱ्या दिवशी ती गेली. मग मला तो कोट द्यायचंही सुचेना आणि टाकायचंही. तू आम्हाला... एवढं वाटलं तुला आमच्याबद्दल?"

लेक पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या पोटरीत काहीतरी वळवळलं. कातड्याखाली उंदराचं पिल्लू फिरावं तसं. वहिनीची नजर तिथेच खिळली.

"हे कधीपासून आहे?"

"पापणी कालपासून. हे दोन महिने झाले. वाचनालयाच्या शिडीमुळे असेल असं वाटलं."

"दोन महिने?" वहिनी सावकाश म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी तर तुम्ही फक्त रविवारी यायचात. आमच्या घरचा घासही तुमच्या पोटात नीट जात नव्हता."

भीती गेली नाही, तिने फक्त तोंड फिरवलं. जे आईच्या अंगात होतं तेच आता लेकीच्या अंगात होतं. आणि ते वरच्या स्वयंपाकघरातून आलेलं नव्हतं.

५

घाबरलेलं डोकं भराभर चालतं, पण गोल गोल. तिने त्याला कागदावर बसवलं. वाचनालयात हरवलेलं पुस्तक शोधायची तिची एक रीत होती. कुणी नेलं असेल हे आधी विचारायचं नाही, शेवटचं कुठे होतं ते विचारायचं.

मावशीकडे आईच्या पोटात काय गेलं नाही? वहिनीचं दूध. पण दूध निर्दोष सुटलं होतं. या घरचं पाणी. पण पाणी दादा-वहिनीही पितात. आणखी काय?

मावशीचा आवाज कानात आला. गोळ्यांची डबी घरीच विसरून आलेली ना.

तीन आठवड्यांनी आई परतली तेव्हा डबी भरलेली तशीच टेबलावर होती. लेकीनेच ती रिकामी करून पुन्हा भरली होती आणि आईला वर चार शब्द सुनावले होते.

डबीत तीन गोळ्या. पांढरी लेक स्वतः घेत नव्हती. पिवळीही नाही. आई आणि ती, दोघींच्या पोटात जाणारी गोष्ट एकच होती. गुलाबी.

औषधांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. औषधवाले काका आईला तीस वर्षं ओळखत होते. तिला पाहून ते गल्ल्यामागून बाहेर आले.

"काका, आईची गुलाबी कॅप्सूल दाखवा. खोक्यासकट. आतला कागदही."

"आता कशाला गं ते?"

"दाखवा ना."

खोक्यातून घडी घातलेला, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांचा कागद निघाला. हाताला लागेल ते वाचणारी ती, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरही न सोडणारी. चार वर्षांत हा कागद तिने एकदाही उघडला नव्हता. खोकं आणि पाकिटं ती टोपलीत टाकत आली होती.

तिसऱ्या घडीत ते होतं. दीर्घकाळ घेतल्यास काही रुग्णांत रक्तातलं मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. लक्षणं : स्नायू उडणे, पायात गोळे येणे, थकवा, चक्कर. आणि पुढे, तितक्याच बारीक अक्षरांत : झटके, हृदयाचे अनियमित ठोके.

तिने कागद काउंटरवर ठेवला.

"आता पिवळीचा."

काकांनी पिवळीचा कागद उलगडला आणि स्वतःच वाचला. औषधाचं नाव निराळं, रंग निराळा, कंपनी निराळी. तिसऱ्या घडीतला मजकूर तोच. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"दोन्ही एकाच जातीच्या आहेत," ते पुटपुटले. "नावं वेगळी... मला दिसायला हवं होतं. गुलाबी तू नेतेस, पिवळी दादा नेतो. कधी एकत्र आल्याच नाहीत समोर."

"गुलाबीची चिठ्ठी आहे तुमच्याकडे?"

ती खणाच्या तळाशी होती, कडा पिवळ्या पडलेली. इस्पितळाच्या डॉक्टरांचं अक्षर वाचायला कठीण होतं, पण एक ओळ अगदी स्पष्ट होती. सहा आठवडे. नंतर दाखवणे.

"सहा आठवडे, काका. चार वर्षं झाली."

"तुम्हाला हेलपाटे नकोत म्हणून..." काका स्टुलावर बसले आणि चिठ्ठीकडे पाहत राहिले. "म्हातारी बाई, उगाच इस्पितळात रांगेत उभी राहील. मी म्हटलं, आपल्याच घरचं माणूस आहे."

६

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आईचे कागद काढून पिवळी गोळी सुरू केल्याची तारीख पाहिली.

"लाखो लोक ही औषधं घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही," त्या म्हणाल्या. "पण वर्षानुवर्षं घेतली, त्यात दोन-दोन, आणि रक्तदाबाची ती पांढरी गोळी, जी लघवीवाटेही मॅग्नेशियम घालवते... हे तिन्ही एकत्र आलं तर होऊ शकतं. झालंच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्यांचं रक्त आता आपल्याकडे नाही."

"माझं आहे," लेकीने बाही वर केली.

सुई टोचली जात असताना तिने विचारलं, "पिवळी दिलीत त्या दिवशी तुम्ही तिच्या गोळ्या पाहिल्या होत्या ना?"

"पाहिल्या होत्या." डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही. "तुम्ही डबी आणली होती. सोललेल्या गोळ्या. मी विचारलं, गुलाबी कसली? तुम्ही म्हणालात, ती जुनी आहे, पोटासाठी, सकाळची. मी नाव विचारायला हवं होतं. बाहेर गर्दी होती. नाही विचारलं."

लेकीला ती दुपार आठवली. किती नीटनेटकी दिसत होती डबी! तिला मनातून अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. मॅग्नेशियम असायला हवं त्याच्या बरंच खाली. हृदयाचा आलेख अजून ठीक होता. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल बंद केली, दुसरं साधं औषध आणि मॅग्नेशियम दिलं, आणि बजावलं, "जळजळ काही दिवस वाढेल, घाबरू नका. आणि मनाने एकही गोळी सुरू किंवा बंद करायची नाही." मग थांबून म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर आलात."

हा शब्द लेकीच्या काळजात रुतला. वेळेवर.

खुनी शोधायला निघाली होती ती. हाती काय लागलं? लोकांचे हेलपाटे वाचवणारे एक काका. एका गर्दीच्या दुपारी एक प्रश्न कमी विचारणाऱ्या डॉक्टर. आणि दर रविवारी, दोन वर्षं, चौदा खण प्रेमाने भरणारे दोन हात. ते तिचेच होते.

त्या संध्याकाळी तिने दादा-वहिनीला सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. दादा म्हणाला, "तुला काय माहीत होतं?" वहिनी उठून आत गेली आणि दुधाचा पेला घेऊन आली. लेकीने तिच्यासमोर तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. खरंच पिठासारखी चव होती.

दहा दिवसांत पोटरी शांत झाली. पापणी त्यानंतर. एका सकाळी कोटवाले आले तेव्हा तिने राखाडी कोट टेबलावर पसरून भोकही दाखवलं आणि कात्रीची चीरही.

"हे आईचंच काम आहे," ती म्हणाली. "तिची तब्येत ठीक नव्हती. तुम्ही बरोबर ओळखलंत. नुकसान मी भरून देईन."

कोटवाल्यांनी चिरेवरून हलकेच बोट फिरवलं. "बाई, हा आता रफू करू नका," ते म्हणाले आणि कोट तसाच हातावर टाकून निघून गेले.

दुकान रिकामं झालं. खुंट्यांवर काही उरलं नव्हतं. खिडकीतून ऊन थेट आईच्या खुर्चीवर येत होतं, आणि या वेळी तिने पडदा ओढला नाही. नमुन्याची पट्टी मांडीवर घेऊन ती समोरच्या स्टुलावर बसली. शेवटच्या राखाडी ओळीवरून तिने अंगठा फिरवला. धागा चढला, उतरला, पुन्हा चढला. दीड वर्ष आई भिंतीवर लिहून ठेवत होती, आणि लेक त्याच भिंतीशी बसून गोळ्या सोलत होती.

चाळीस वर्षं दुकानाचा तो एकच कायदा एकाच बाजूने चालला होता. आईने मागायचं आणि मुलांनी पुढे करायचं. उलट कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या रविवारी ते जिभेवर आलं होतं आणि तिने ते गिळलं होतं, रोजच्या गुलाबी कॅप्सूलसारखं.

तिने स्वतःचा तळवा उघडून रिकाम्या खुर्चीपुढे धरला. आणि ती म्हणाली, मोठ्याने, वर वहिनीलाही ऐकू जाईल इतक्या.

"आई, हात दाखव."